घाटात बूस्ट जातो, चावी फिरवली की परत येतो : डिझेल गाडीच्या टर्बोचं दुखणं कुठून शोधायचं

निपाणी सोडून बेळगावकडं निघालं की तवंदी घाट लागतो. कारखान्यांच्या हंगामात तिथं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चढत असतात. त्यांना मागं टाकायला तिसरा गिअर टाकावा, ॲक्सिलेटर तळाला न्यावा आणि गाडीनं नुसता आवाज करावा, ओढ म्हणून देऊ नये. डिझेल गाडीवाल्यांची ही तक्रार आमच्याकडं नेहमीची आहे. कुणाची गाडी चोर्ल्यात बसते, कुणाची आंबोलीत, कुणाची अनमोडात. सपाटीला ठीक चालते. काहींची तर कडेला घेऊन चावी बंद-चालू केली की लगेच बरी होते आणि पुढच्या मोठ्या चढाला परत तेच. गॅरेजला नेऊन उभी केली की मात्र शहाण्यासारखी वागते.

मग निकाल ठरलेला असतो : टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) गेला. टर्बो उतरतो, रिकंडिशनला जातो किंवा नवा येतो, मोठं बिल होतं, आणि महिन्याभरात परत तोच घाट, तीच गत. माझं म्हणणं एवढंच आहे की टर्बो हा या प्रकरणातला शेवटचा संशयित. त्याच्याकडं हवा येते ती फिल्टरमधून, त्याच्याकडून हवा जाते ती चार-पाच रबरी पाईप आणि ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमधून, त्याला हुकूम मिळतो तो बारीक नळीतून, आणि तो काम करतोय की नाही हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं एका छोट्या सेन्सरवरून. यातलं काहीही बिघडलं तरी नाव टर्बोचंच खराब होतं.

आधी हे लिहून काढा

स्कॅनर (ईसीयूतले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावायच्या आधी गाडीवाल्यानं चार गोष्टी कागदावर लिहिल्या तर निम्मं काम होतं. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, जातो तो इंजिन थंड असताना की तापल्यावर? दीड-दोन हजार आरपीएमला ओढत नाही आणि तीन हजाराच्या वर ओढते, की उलट? जाताना हळूहळू जातो की खटका बंद केल्यासारखा एकदम? आणि परत येतो तो आपोआप, की चावी फिरवल्यावरच?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. एकदम गेला आणि चावी बंद-चालू केल्यावर आला, तर बहुतेक वेळा बूस्ट 'गेलेला' नसतो, ईसीयूनं तो काढून घेतलेला असतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत ठरावीक वेळेपेक्षा जास्त फरक राहिला की ईसीयू इंजिन वाचवायला डिझेल कमी करतं, टर्बोचा हुकूम सोडतं आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या सावध चालीत, टाकतं. चावी फिरवली की हिशेब पहिल्यापासून सुरू. म्हणून गाडी तेवढ्यापुरती बरी होते. उलट, जो बूस्ट सकाळी घराबाहेर काढल्यापासून नाहीच, सपाटीला नाही आणि घाटातही नाही, तिथं काहीतरी फाटलेलं, निसटलेलं किंवा अडकून बसलेलं असतं. हे दुसरं दुखणं सापडायला सोपं. पहिलं माणसाला फिरवतं.

पाठीमागचा धूरही बघून ठेवा. मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगितलं तर अजून चांगलं. ओढ नाही आणि काळा धूर भरपूर, म्हणजे डिझेल पडतंय पण हवा कमी पडतेय : पाईप फुटलेला, ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला, फिल्टर चोंदलेला. ओढ नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच कमी पडतंय किंवा ईसीयूनं हात आखडता घेतलाय. निळसर धूर आणि ऑइल कमी होत असेल तर मात्र टर्बोच्या सीलकडं संशय जातो. आणि आरपीएमचा काटा सरसर वर जातो पण स्पीड वाढत नाही, अशी तक्रार असेल तर ती टर्बोची नाहीच, क्लच प्लेट घसरतेय. हे ऐकून हसू येईल, पण क्लचच्या गाड्या टर्बोचं नाव घेऊन येतात.

एअर फिल्टर, आधी तोच

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात तांबडी धूळ किती असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं फिल्टर बदलायचं किलोमीटर हे चांगल्या रस्त्यांसाठी असतं; धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच पुस्तकात वेगळी, लवकरची सूचना असते आणि ती कुणी वाचत नाही. पावसाळ्यात दुसराच प्रकार. कणकुंबी-चोर्ला बाजूला पाऊस एवढा की हवेच्या तोंडातून पाणी फिल्टरपर्यंत पोचतं, कागद ओला होऊन फुगतो आणि त्यावर आधीची धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. सपाटीला हळू चालवताना इंजिनाला हवा कमी लागते म्हणून हे कळत नाही. चढाला पूर्ण हवा मागितली की कळतं.

फिल्टर काढून हातात घ्या. हवा मारून साफ करण्यात वेळ घालवू नका, संशय असेल तर नवा टाका. बॉक्सचं झाकण नीट बसलंय का बघा, कारण फटीतून गेलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. सर्व्हिसिंगच्या वेळी राहिलेलं फडकं फिल्टर बॉक्समध्ये सापडल्याच्या कथा खोट्या नसतात.

स्कॅनर : कोडपेक्षा आकडे वाचा

स्कॅनरवर पी-०२९९ हा कोड आला म्हणजे बूस्ट कमी पडला. पी-०२३४ आला म्हणजे बूस्ट जास्त झाला. एवढंच. 'टर्बो बदला' असं कुठल्याही कोडमध्ये लिहिलेलं नसतं. तरीही हे दोन वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, कारण गाडीवाल्याला दोन्हींत लक्षण एकच दिसतं : गाडी ओढत नाही. बूस्ट जास्त झाल्यामुळं ईसीयूनं गाडी बांधली, आणि मेस्त्री कमी बूस्टचं कारण शोधत बसला, असं सर्रास होतं. कोड वाचल्या वाचल्या पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाचा आरपीएम, स्पीड, लोड साठवलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. दुखणं नेमकं कुठं येतं याचा तो पुरावा आहे.

आता बेळगावकरांसाठी एक खास गोष्ट. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१ किलोपास्कल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्यानं इथं तो ९२-९३ च्या जवळ येतो, पावसाळी हवेत अजून एखादा कमी. निपाणी थोडं खाली, म्हणून तिथं ९४ च्या आगेमागे. गोव्यात उतरलात की १०० च्या वर. त्यामुळं बेळगावात चावी ऑनला ९२ दिसलं तर सेन्सर खराब म्हणून घाबरू नका, तो बरोबर आहे. उलट बेळगावात १०१ दिसलं तर तोच सेन्सर खोटं बोलतोय. मोबाईलवरची काही ओबीडी (गाडीतले आकडे दाखवणारी) ॲप सरळ १०१ वजा करून बूस्ट दाखवतात. त्यांत इथं गाडी उभी असतानाच उणे आठ-नऊ दिसतं. तो ॲपचा हिशेब, गाडीचा दोष नव्हे.

सेन्सर काजळीनं माखलेला असेल तर काढून साफ करा. जाळीत तार घालू नका.

दुसरी गोष्ट, गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा ॲक्सिलेटर दाबून बूस्ट बघणं व्यर्थ आहे. इंजिनावर भार नसेल तर एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याइतका जोर येत नाही, म्हणून चांगला टर्बोही तिथं फारसा दाब दाखवणार नाही. गाडी रस्त्यावर काढा. एकानं चालवायची, दुसऱ्यानं स्कॅनर धरायचा. एकट्यानं दोन्ही करायचं नाही. मोकळ्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलेटर देऊन साडेतीन हजारापर्यंत न्या आणि चार गोष्टी रेकॉर्ड करा : मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मॅफ (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरमधून गेलेली हवा आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलचा दाब. चांगल्या छोट्या डिझेलमध्ये पूर्ण भाराला मॅपचा आकडा २०० किलोपास्कलच्या पलीकडं जातो. बाहेरची हवा त्यात धरलेली असते, म्हणजे टर्बोची स्वतःची कमाई त्यातून ९२ वजा करून काढायची.

मिळालेला आकडा मागितलेल्याच्या खाली खाली राहत असेल तर गळती किंवा हुकूम न पोचणं. सुरुवातीला कमी आणि वरच्या आरपीएमला बरोबर, तर व्हीजीटीची (पाती फिरवून बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या टर्बोची) पाती उघडी अडकलेली किंवा ती हलवणारं व्हॅक्यूम कमी. मिळालेला आकडा मागितलेल्याच्या वर उसळला आणि लगेच सगळं कोसळलं, तर पाती बंद बाजूला अडकतात. बूस्ट दोन्ही बरोबर पण रेल प्रेशर पडतंय, तर टर्बोचा विषयच सोडा आणि डिझेल फिल्टरकडं वळा.

पाईपांची गळती

टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा वाटून देणारा भाग), या वाटेतला प्रत्येक रबरी पाईप आणि प्रत्येक क्लिप हाताळून बघा. नुसतं वरून बघून भागत नाही. हे पाईप खालच्या बाजूनं फाटतात, जिथं ऑइलचा ओशटपणा साचून रबर फुगतं, आणि दाब आल्यावरच ती चीर उघडते. उभ्या गाडीत ती मिटलेली असते. गळतीच्या जागी बाहेरून ऑइलचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसतो. तो डाग म्हणजे पत्ता. घाटात फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज नवा सुरू झाला असेल तर तोही पाईपकडंच बोट दाखवतो.

पण खात्री करायची तर दाब भरून बघायला हवं. मोठ्या वर्कशॉपमध्ये धुराचं मशीन असतं. नसेल तर आपल्याकडं बेळगावात उद्यमबागेची औद्योगिक वसाहत आहे. पाईपचं आतलं माप देऊन कुठल्याही लेथवाल्याकडून नायलॉन किंवा ॲल्युमिनियमचे दोन बूच करून घ्या, एका बुचाला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवा. टर्बोकडचं तोंड आणि मॅनिफोल्डकडचं तोंड सोडवून दोन्हीकडं बूच लावा, क्लिपा घट्ट करा, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भरा. अर्धा बार, फार तर एक बार. त्याच्या वर जाऊ नका, आणि बुचाच्या समोर तोंड धरून उभे राहू नका. बूच सुटलं तर गोळीसारखं येतं. आता साबणाचं पाणी फिरवा. जिथं बुडबुडे, तिथं चोर. इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या सांध्याला विसरू नका. समोर बसवलेल्या इंटरकूलरला खडी उडून बारीक भोक पडलेलं असतं, ते साबणाशिवाय सापडत नाही.

फाटलेल्या पाईपला चिकटपट्टी गुंडाळून बेळगाव गाठायला हरकत नाही. पण सायकलची ट्यूब आणि तार बांधून वर्षभर फिरणारे लोकही आहेत, त्यांनी हे वाचून तरी पाईप बदलावा. आत पडलेला रबराचा तुकडा मॅनिफोल्डच्या दिशेनं जातो.

पाईप उघडल्यावर आत ऑइलचा पातळ थर दिसला की लगेच 'टर्बो ऑइल टाकतोय' असं म्हणायची पद्धत आहे. इंजिनाचा ब्रीदर (आतली ऑइलची वाफ बाहेर सोडणारी नळी) टर्बोच्या आधीच्या पाईपमध्ये सोडलेला असतो, त्यामुळं थोडा ओशटपणा सगळ्याच डिझेलमध्ये असतो. इंटरकूलर उलटा केल्यावर कपभर ऑइल ओतलं गेलं, तर मात्र ते नॉर्मल नाही.

व्हॅक्यूमच्या नळ्या, आणि उंदीर

गाडीत टर्बो कुठल्या जातीचा आहे हे इथं माहीत असायला हवं. फियाटच्या १.३ मल्टिजेट इंजिनाचंच बघा. स्विफ्ट, डिझायरमध्ये ते ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं. एर्टिगा, सियाझमध्ये ९० पीएसचं, व्हीजीटीचं. इंजिन एकच, पण दुखणी वेगळी. साध्या टर्बोत वेस्टगेट नावाचं दार असतं. टर्बोचाच दाब बारीक नळीतून डबीत जातो, दांडा ढकलतो, दार उघडतं आणि जादा दाब वाढू देत नाही. ती नळी फाटली तर दार उघडतच नाही आणि बूस्ट वाढतो. व्हीजीटीत बहुतेक ठिकाणी उलटा कारभार : व्हॅक्यूमनं दांडा ओढला की पाती मिटतात आणि खालच्या आरपीएमला बूस्ट येतो. तिथं नळी फाटली तर पाती उघडीच राहतात आणि बूस्ट मिळत नाही. एकाच बारीक नळीचा दोष, पण परिणाम एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून 'शेजाऱ्याच्या गाडीला असंच झालं होतं' हे ऐकून सुटे भाग आणायचे नसतात. अलीकडच्या कित्येक गाड्यांत तर व्हॅक्यूम नसून इलेक्ट्रिक मोटरच दांडा हलवते. तिथं नळ्या शोधत बसू नका.

व्हॅक्यूमवाल्या व्हीजीटीत पहिली सोपी तपासणी. इंजिन बंद असताना दांड्याच्या जागेवर खडूनं खूण करा. दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगा. दांडा सरकन एका बाजूला ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर परत आला पाहिजे. हललाच नाही, तर व्हॅक्यूमचा हातपंप थेट दांडा ओढणाऱ्या डबीला लावा. पंपानं दांडा सुरळीत हलला आणि मिनिटभर तसाच राहिला, तर डबी आणि पाती ठीक, दोष मागं आहे : नळी, सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह), व्हॅक्यूमची टाकी किंवा पंप. दांडा हलून सावकाश परत यायला लागला तर डबीचा पडदा फाटलाय. झटके देत हलला किंवा मध्येच अडला तर आत काजळी.

व्हॅक्यूमचं मीटर वाचतानाही उंची लक्षात ठेवा. बाहेरचाच दाब कमी असल्यानं समुद्रसपाटीला मिळतो त्यापेक्षा इथं साधारण अडीच इंच कमी व्हॅक्यूम दिसतं. आयडलला २४-२५ इंच मिळत असेल तर पंप चांगला आहे असं समजा. पुस्तकातल्या आकड्यासाठी पंप बदलू नका. याच पंपावर ब्रेक बूस्टरही चालतो. ओढ नाही आणि ब्रेकही कडक लागतोय, असं दोन्ही एकदम असेल तर टर्बोचं काम बाजूला ठेवून आधी पंप आणि मोठी व्हॅक्यूम नळी बघा. ती गाडी घाटात न्यायचीच नाही.

खानापूरकडच्या एका पाहुण्यांच्या सात सीटर गाडीचं असंच झालं. एका गॅरेजनं टर्बो बदलला, परत तेच. दुसऱ्यानं सोलेनॉइड बदलला, परत तेच. सकाळी गाडी मस्त, जांबोटी ओलांडून तासभर चढ-उतार झाला की ओढ गायब. शेवटी तापलेल्या गाडीतच मीटर लावलं तेव्हा उलगडलं. आधी कधीतरी उंदरानं कुरतडलेली व्हॅक्यूमची नळी कुणीतरी बदलताना साधा पेट्रोलचा पाईप टाकला होता. तो बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी असतो, आतून ओढणाऱ्या व्हॅक्यूमसाठी नव्हे. थंड असताना ताठ राहायचा, इंजिनाच्या उष्णतेनं मऊ पडला की आतल्या आत चिकटायचा. थंड झाल्यावर परत उघडा. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी गार, म्हणून दोष कुणालाच दिसला नाही. बदलायची वस्तू होती हातभर व्हॅक्यूम नळी.

उंदरांचं हे प्रकरण आपल्याकडं भाताच्या सुगीनंतर वाढतं. येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातलं भात कापून झालं की उंदीर घरांकडं सरकतात, आणि नुकतंच बंद केलेलं उबदार इंजिन त्यांना आयतं मिळतं. त्या दिवसांत बूस्ट अचानक गेला तर बॉनेट उघडून टॉर्चनं बारीक नळ्या आणि वायरी आधी बघा. इन्सुलेशनचा भुसा किंवा लेंड्या दिसल्या तर पुढचं सांगायला नको.

पाती अडकणं

चावी फिरवल्यावर बरी होणाऱ्या गाड्यांपैकी मोठा वाटा या दुखण्याचा. व्हीजीटीची पाती एक्झॉस्टच्या बाजूला असतात, म्हणजे काजळीच्या वाटेवरच. गाडी रोज कॅम्पातून टिळकवाडी, तिथून शहापूर, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करत असेल, दीड हजार आरपीएमच्या वर कधी जातच नसेल, तर पाती एकाच जागी राहून त्यांच्या कडेला काजळी साचते. मग वर्षातून एकदा गोव्याहून सहा माणसं, सामान, एसी घेऊन चोर्ला चढताना त्याच पात्यांनी पूर्ण फिरावं अशी अपेक्षा असते. ती मिटलेल्या बाजूला जरा अडकली की दाब उसळतो, पी-०२३४, आणि गाडी बसली.

हे दुखणं सुरुवातीचं असेल तर गाडी मोकळ्या हायवेवर तापवून, तिसऱ्या-चौथ्या गिअरला तीन हजारापर्यंत अर्धा-पाऊण तास चालवल्यानं बऱ्याचदा सुटतं. बेळगाव-धारवाड रस्ता त्याला चांगला आहे. ऑइलची पातळी आणि कूलंट बघूनच हे करा. डब्यातली टर्बो क्लीनर औषधं डिझेलमध्ये ओतून पाती सुटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. काजळी फार झाली असेल तर टर्बो उतरवून एक्झॉस्टची बाजू उघडून साफ करावी लागते, आणि ते काम टर्बोच्या माणसाकडूनच करून घ्या. दांड्यावरचा नट आणि थांब्याचा स्क्रू फिरवू नका. 'जरा ॲडजस्ट करतो' म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा. तो स्क्रू हवेच्या प्रवाहाच्या बेंचवर बसवलेला असतो, पान्यानं अंदाजे नव्हे.

ईजीआर, डीपीएफ, डिझेल

ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला की जळलेला वायू परत आत येतो, ताज्या हवेची जागा खातो, टर्बोला मिळणारा जोरही कमी होतो. काळा धूर, आयडलला थरथर. काढून साफ करा. पत्रा मारून बंद करायचा सल्ला कुणीतरी देईलच. प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही, आणि ईसीयू नवीन कोड टाकून परत लिंप मोडमध्ये जायला मोकळं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदल्यानंही टर्बो बसतो, कारण वायू बाहेर जाऊ शकत नाही. स्कॅनरमध्ये डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबाचा फरक बघा; तापलेल्या गाडीत आयडलला तो दोन किलोपास्कलच्या आत असायला हवा. तो फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन नळ्याही तडकतात, त्या आधी बघा.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर बदलायचा राहिला असेल तर बदला. सीमेच्या अलीकडं-पलीकडं जिथं दर कमी तिथं टाकी भरायची आपली सवय आहे, त्यामुळं ओढ नेमकी एखाद्या ठिकाणी डिझेल भरल्यापासून गेली असेल तर तेही त्या कागदावर लिहा.

टर्बो खरंच गेला असेल तर

हवेच्या बाजूचा पाईप काढून, इंजिन गार असताना, पात्यांचं चाक बोटानं फिरवा. सहज फिरलं पाहिजे. वर-खाली किंचित हललं तर ते चालतं, कारण त्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर असतो आणि इंजिन बंद असताना तो नसतो. पण पुढं-मागं ओढल्यावर हललं, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असल्या, टोकं तुटलेली दिसली, तर तो टर्बो गेला. घाटात सायरनसारखा आवाज वाढत चाललाय आणि निळा धूर येतोय, अशी गाडी चालवत घरी आणू नका, टोइंगवर आणा. सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावायला लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक जोरात दाबून, क्लच सोडून ती बंद पाडायची.

आणि नवा बसवण्याआधी जुना का गेला ते विचारा. टर्बोच्या चाकाचा मधला दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांच्या पलीकडं फिरतो, तो तरंगतो ऑइलवर. ऑइल वेळेवर बदललं नाही, ऑइल येणारा बारीक पाईप किंवा त्याच्या बोल्टमधली जाळी चोंदली, परत जाणारा पाईप अडला, तर नवा टर्बोही जुन्याच्या वाटेनं जातो. ऑइलचा येणारा पाईप नवा, फिल्टर नवा, ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, इंटरकूलरमधलं जुनं ऑइल आणि पात्यांचे तुकडे साफ केलेले, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरलेलं, एवढं मेस्त्रीकडून बोलून घ्या. "ते सगळं करतोय वो, काळजी करू नका" एवढ्यावर समाधान मानू नका. जुना ऑइल पाईप हातात मागा.

काम कुठलंही झालं तरी गाडी ताब्यात घेताना उद्यमबागेच्या सरळ रस्त्यावरची एक फेरी पुरत नाही. कोड पुसा, गाडी पूर्ण तापवा, घरची माणसं आणि सामान भरून, एसी लावून, ज्या घाटात ती बसत होती त्याच घाटात, त्याच गिअरला न्या आणि मागितलेला-मिळालेला बूस्ट परत रेकॉर्ड करा. दोन्ही रेषा एकमेकींना धरून वर गेल्या तर पैसे द्या. नाही गेल्या तर तो नवा रेकॉर्ड घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तापलेलीच गॅरेजला पोचेल अशी सोय बघा, म्हणजे रात्री मुक्कामाला गाडी अशा जागी ठेवा की गॅरेज गाठायला तासभर चढ चढावा लागेल.